बालाजीला बोललेले केस

माझ्या डोक्यावरचे केस माझे नव्हते, हे सगळ्यात आधी सांगून टाकतो. नाहीतर पुढचं काही नीट कळणार नाही, आणि मीही जुन्या सवयीनं कुठंतरी थाप मारून मोकळा होईन.

तिशी ओलांडली तशी माझी समोरची बाजू उघडी पडायला लागली. पस्तिशीपर्यंत कपाळ कुठं संपतं आणि डोकं कुठं सुरू होतं, ते आरशात शोधावं लागायचं. मी जालन्याला एका शाळेत भूगोल शिकवतो. दख्खनच्या पठाराचा धडा चालू होता त्या आठवड्यात आठवीच्या पोरांनी माझं नाव 'पठार' ठेवलं. महिनाभरात ते नाव शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोचलं. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. मला ते जमत नाही. मला राग येतो, आणि तो दाखवण्याइतकी हिंमत नसल्यामुळे मी तो धरून बसतो. त्या वर्षी आठवीच्या पोरांना मी नकाशाचे मार्क फार हात आखडून दिले, हेही इथं कबूल करतो.

कांद्याचा रस लावून झाला, मेथ्या वाटून झाल्या. बायकोनं कांद्याचा वास सहा महिने सोसला. मग एका रविवारी मी कुणाला न सांगता संभाजीनगरला गेलो आणि एका दुकानात जाऊन बसलो. तिथल्या माणसानं माझं वरचं डोकं मशीननं साफ केलं, एक पातळ जाळी कडेकडेनं चिकटपट्टी लावून बसवली आणि तिच्यावरचे केस माझ्या बाजूच्या केसांत मिसळून कात्री मारली. तासाभरात मी दहा वर्षांनी लहान झालो. 'याला पॅच म्हणायचं सर, विग नाही म्हणायचं,' असं त्यानं मला शिकवलं. आणि वर म्हणाला, 'अस्सल माणसाचे केस आहेत. सगळा माल तिरुपतीचा.' मी फार खूश झालो. घरी येताना मोटारसायकलच्या आरशात मी रस्त्यापेक्षा स्वतःकडंच जास्त बघत होतो.

शाळेत आणि गावात मी एकच सांगितलं, औषध लागू पडलं. कुठलं औषध असं लोक विचारायचे, तेव्हा एक वैद्य आहेत, तेल देतात, असं म्हणायचो. आमचं गाव भोकरदन तालुक्यात, केदारखेड्याच्या पलीकडं. तिथं आईवडील आणि धाकटा भाऊ असतात, शेती भाऊ बघतो. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, डोकं माझ्याच वाटेनं गेलेलं, किंबहुना मीच त्यांच्या वाटेनं गेलो होतो. एकदा ते ओशाळं हसत म्हणाले, "मला बी आणून दे की एखादी बाटली. बघू तरी." आता काय करणार? मी बाजारातलं साधं खोबरेल घेतलं, त्यात थोडं माक्याचं तेल घातलं, बाटलीवरचा कागद काढला आणि त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते तेल वर्षभर लावलं. आंघोळ झाली की उन्हात बसून दोन्ही हातांनी डोक्याला चोळायचे. फोनवर सांगायचे, "बारीक बारीक लव आल्यासारखी वाटते." मी म्हणायचो, वेळ लागतो. त्यांच्याशी इतकं सरळ आवाजात खोटं बोलता येतं, हे मला त्या तेलानं कळलं.

वडील ऐन थंडीत गेले. सकाळी गोठ्यात गेले आणि तिथंच बसले ते उठले नाहीत. मी, बायको आणि सात वर्षांची मुलगी दुपारपर्यंत गावात पोचलो. थोरला मी, त्यामुळे अग्नी मी दिला. सुतकाचे दिवस सुरू झाले. तेल नाही, कंगवा नाही, दाढी नाही. जमिनीवर घोंगडी टाकून झोपायचं. मी बापाच्या दुःखात होतो, ते खोटं नव्हतं. पण त्या दुःखाच्या खाली सारखी एक दुसरीच काळजी चालू होती आणि ती मला लपवता येत नव्हती, निदान माझ्यापासून तरी. दहाव्याला डोकं करायचं होतं.

आमच्यात दहाव्याच्या दिवशी नदीवर मुलं आणि भाऊबंद डोकी करतात, म्हणजे वस्तऱ्यानं सगळे केस उतरवतात. मिशीही उतरवतात. न्हावी ओळीनं सगळ्यांना बसवतो, थोरल्या मुलापासून सुरुवात करतो. मी लहानपणापासून कितीतरी दहावे पाहिले होते, त्यामुळे काय होणार ते मला पाठ होतं. पाणी लावायला न्हाव्याचा हात डोक्यावर पडणार, जाळीच्या कडेला लागणार, आणि सगळ्या भावकीसमोर माझं डोकं त्याच्या हातात येणार. नऊ दिवस मी याच गोष्टीचा विचार करत होतो. बायको म्हणाली, "आदल्या दिवशी काढून टाका ना. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील." ती बरोबर बोलत होती. मी तिला म्हणालो, बघू. बघू म्हणजे नाही, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

दहाव्याच्या सकाळी नदीवर धुकं होतं. बायका थोड्या अंतरावर बसल्या होत्या, त्यांच्यात आई होती. आमचा न्हावी म्हातारा माणूस, माझं जावळ त्यानंच काढलेलं. त्यानं वाटीत पाणी घेतलं, वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि मला म्हणाला, "या सर, बसा." मी बसलो. त्यानं ओला हात माझ्या डोक्याकडं नेला आणि मी त्याचं मनगट धरलं.

"दाढीमिशी काढा," मी म्हणालो. "डोकं राहू द्या."

 माझे चुलते पुढं आले. वडिलांचे धाकटे भाऊ, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, आणि गावात त्यांच्या पुढं सहसा कुणी बोलत नाही. "बापाच्या दहाव्याला डोकं करत न्हाई म्हंजे काय?" ते म्हणाले. "काय करून राह्यला तू?"

 नऊ दिवसांत मी उत्तर तयार केलं नव्हतं, कारण आयत्या वेळी काहीतरी होईल असं मला वाटत होतं. आणि तसं झालंही. माझ्या तोंडातून निघालं, "केस तिरुपतीला बोललोय, तात्या. बालाजीला. तोवर डोक्याला वस्तरा लावायचा नाही."

तिरुपती कुठून आलं? मी आजवर कधी तिकडं गेलो नव्हतो. माझा आणि तिरुपतीचा संबंध एवढाच, की त्या दुकानातल्या माणसाच्या तोंडून मी ते नाव ऐकलं होतं. केस म्हटल्यावर तेच जिभेवर आलं.

"कशापायी बोलला?" तात्यांनी विचारलं.

इथं मी थांबायला हवं होतं. वडिलांच्या आजारासाठी म्हणावं तर ते आजारीच नव्हते. नोकरीसाठी म्हणावं तर त्यापायी कुणी बापाचा विधी अडवत नाही. कारण असं हवं होतं की ज्याच्यापुढं बाप गेलेला असतानाही माणसं गप्प बसतील. "पोरीसाठी," मी म्हणालो. आणि खाली मान घातली.

माझ्या मुलीला आदल्या पावसाळ्यात टायफॉइड झाला होता. तीन दिवस दवाखान्यात होती, मग खडखडीत बरी झाली. गावाला ते माहीत होतं. मी नुसतं 'पोरीसाठी' म्हटलं आणि पुढं बोललो नाही, तेव्हा गावानं राहिलेलं स्वतःच जुळवलं. तीन दिवस ठेवली म्हणजे साधा ताप नव्हता. बाप सांगत नाही म्हणजे सांगण्यासारखं नाही. मी वर पाहिलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे बदललेले होते. काही जण वळून माझ्या मुलीला शोधत होते. ती बायकांजवळ वाळूत खड्डा करत होती.

न्हाव्याचा हात अजून माझ्या हातात होता. तो माझ्या कानामागं बघत होता, जिथं माझे केस संपून दुसरे सुरू होतात. त्यानं तिथं जरा जास्त वेळ बघितलं. त्याला कळलं, याबद्दल मला शंका नाही. साठ वर्षं त्यानं डोकीच पाहिली होती. पण तो तात्यांना म्हणाला, "देवाला बोललेले केस मी काढणार न्हाई, तात्या. पाप मला लागंल." आणि माझी दाढी भिजवायला लागला. मिशी काढताना त्यानं एकदाही माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. त्यानं मला वाचवलं, आणि त्याबद्दल मला त्याचा राग आला.

एवढ्यावर भागलं असतं तरी खूप होतं. पण पिंड ठेवले आणि कावळा शिवेना.

नदीकाठच्या बाभळीवर चार-पाच कावळे बसलेले होते. ओरडत होते, पण खाली येत नव्हते. ओळीत सगळी डोकी गुळगुळीत, आणि मधोमध माझे केस, कपाळावर आलेले. लोक पिंडाकडं बघत, कावळ्याकडं बघत आणि मग माझ्याकडं बघत. भावानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळू. कावळा आला नाही. आम्ही दोघांनी सांगितलं, वाटणीवरून भांडणार नाही. नाही आला. ऊन वर आलं. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, डोकं केलं नाही म्हणून असेल. मला घाम फुटला, आणि घाम आला की जाळीची टेप सुटते, म्हणून आणखी घाम फुटला.

मग तात्या पुढं झाले. त्यांनी पिंडासमोर हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, नातीची काळजी करू नको. तिचा नवस आम्ही फेडून घेऊ. तिला काय व्हऊ देणार न्हाई."

आणि एक कावळा खाली आला.

कावळ्याला भूक लागली असेल, एवढं मी भूगोलाचा मास्तर म्हणून सांगू शकतो. पण तिथं उभ्या असलेल्या माणसांना ते सांगून उपयोग नव्हता. बायकांमधून एक हुंदका आला. ती आई होती. नवरा गेल्यापासून ती मोठ्यानं रडली नव्हती. मरतानाही त्यांचा जीव नातीत अडकला होता, असं तिला त्या क्षणी कळलं होतं, म्हणजे मी तिला ते कळवलं होतं. मी हात जोडून उभा होतो. त्या वेळी मला सगळ्यात जास्त काय वाटलं ते लिहितो: मला सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी आईनं मला घराच्या मागच्या बाजूला गाठलं. "पोरीला काय झालंय ते खरं सांग," ती म्हणाली.

"काही नाही गं. बरी आहे."

"मंग केस कशापायी बोलला?"

"अगं, बोललो असाच. बरी आहे ती."

मी हे इतक्या घाईनं आणि नजर चुकवून सांगितलं, की कुठल्याही आईला त्याचा उलटाच अर्थ लागला असता. तिला लागला. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली.

 जालन्याला घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या डोक्यापायी पोरीच्या नावानं खोटं बोललात. दुसरं काही सुचलं नाही?" मी तिला सांगितलं, वर्षश्राद्ध होऊ दे, मग आईला नीट सांगतो. ते मी तेव्हा मनापासून म्हणालो होतो. माझी बहुतेक वचनं मी मनापासूनच देतो.

वर्षश्राद्ध झालं. मी सांगितलं नाही. त्या वर्षात आईनं काय काय केलं, ते मला तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. तिनं गोड सोडलं. चहासुद्धा बिनसाखरेचा घ्यायला लागली आणि विचारलं तर म्हणायची, आवडत नाही आता. शनिवार धरला. भोकरदनला बाजारासाठी कुणी निघालं की त्याच्याकडून पोरीसाठी डाळिंबं मागवायची आणि भावाच्या हाती जालन्याला पाठवायची. आम्ही गावी गेलो की आधी नातीला उजेडात न्यायची, तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, नखं बघायची. मुलगी अंगणात धावायला लागली की तिला बोलावून मांडीवर बसवायची. एकदा मुलगी माझ्याकडं तक्रार घेऊन आली. "आजी मला पळू देत नाही. म्हणते तुला दमायचं नाही. मला काय झालंय, बाबा?"

सात वर्षांच्या पोरीनं मला हे विचारलं. मी तिला म्हणालो, आजी म्हातारी झाली आहे, तिला तसं वाटतं. म्हणजे मी माझ्या खोट्याचं खापर आईच्या म्हातारपणावर फोडलं. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, आणि तेव्हाही वाटली होती. लाज वाटली म्हणून माणूस सुधारतो असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा, की लाज वाटली की मी फक्त गावी जाणं कमी केलं.

फोनवर आईचा एकच प्रश्न असायचा. "तिरुपतीला कधी जाणार?" मी म्हणायचो, उन्हाळ्याच्या सुट्टीत. उन्हाळा आला तेव्हा म्हणालो, परीक्षेचे पेपर आहेत. दुसरा उन्हाळा आला तेव्हा म्हणालो, गाडीचं आरक्षण मिळत नाही. नवस फेडायचा म्हणजे डोकं करायचं, आणि डोकं करायचं म्हणजे तेच, जे टाळायला नवस बोललो होतो. मी बरोबर अडकलो होतो. एकदा ती म्हणाली, "देवाचं असं ठेवू नये रे, बाबा. पोरीवर निघतं." आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. मी त्याच संध्याकाळी टेप बदलायला संभाजीनगरची वेळ घेतली, कारण उन्हाळ्यात ती लवकर सुटते.

वडील जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. दिवाळीच्या आधी एका सकाळी भावाचा फोन आला.

"दादा, आई तिरुपतीला गेल्ती," तो म्हणाला. "गावातल्या बायांसंगं. मला म्हणली देवदर्शनाला चालले, मला वाटलं तुळजापूर-अक्कलकोट असंल. काल आली."

"मग?"

"डोकं करून आली, दादा. सगळं."

मी शाळेत होतो. व्हरांड्यात उभा राहून मी त्याला विचारलं, "का?" मला उत्तर माहीत होतं.

"तू जात न्हाई म्हणून. पोराला सुट्टी मिळत न्हाई म्हणं, तर त्याच्या बदल्यात माझे दिले. तू ये बरं. लोकं काय काय बोलून राह्यले."

लोक काय बोलत असतील, ते मला कळत होतं. आमच्यात नवरा गेला म्हणून बाई डोकं करत नाही. आमच्या आज्यांनीही केलं नव्हतं. देवाला केस द्यायचे असले तरी बायका चार बटा कापून देतात, नवस असला तर. आईनं सगळे दिले. कारण कमी द्यायला नवस तिचा नव्हता, तो माझा होता, आणि मी 'केस' बोललो होतो.

आईचे केस कमरेपर्यंत होते. साठी उलटून गेली तरी अंबाडा एका हातात मावत नव्हता. रविवारी न्हाली की ती अंगणात पाटावर बसून ते वाळवायची, आणि शेजारच्या बायका बोलता बोलता उगीच त्यांना हात लावून जायच्या. विंचरताना गळालेले केस ती गुंडाळी करून पिशवीत भरून ठेवायची आणि केसांवर भांडी देणारी बाई गावात आली की तिच्याकडून वाटी, चमचा घ्यायची. माझ्या लहानपणी मी ज्या वाटीत दूध प्यायचो, ती तिच्या केसांवर घेतलेली होती.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भोकरदनच्या गाडीत बसलो. रस्ताभर मी काय बोलायचं ते ठरवत होतो. खरं सांगू का? केदारखेडा येईपर्यंत मी आणखी एक नवी थाप शोधत होतो. ती सापडली नाही, एवढंच.

घरी भावजय दारातच भेटली. तिचं तोंड रागानं लाल झालं होतं. "वडीगोद्रीला आईंच्या भाचीचं लग्न हाय पुढल्या आठवड्यात," ती म्हणाली. "साडी घेऊन ठेवल्ती. आता न्हाई जात म्हणतात. मांडवात असं डोकं घेऊन कुठं जाऊ, म्हणतात." ती माझ्याकडं बघत होती, म्हणजे माझ्या केसांकडं. तिलाही वाटत होतं की हे केस जायला हवे होते.

आई ओसरीवर मूग निवडत बसली होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. मला बघून तिचा चेहरा उजळला. "आला का? पोरीला आणायचं व्हतं की," ती म्हणाली. "फिटलं बरं का तुझं. आता तिला काय व्हत न्हाई. लाडू ठेवलाय तिच्यासाठी, जाताना आठवणीनं ने." ती खरंच आनंदात होती. दोन वर्षांत तिचा इतका मोकळा आवाज मी ऐकला नव्हता.

मी तिच्या समोर बसलो. सूप खाली ठेवताना तिचा पदर मागं सरला आणि तिनं तो पटकन ओढून घेतला, परक्या माणसासमोर ओढावा तसा. तेवढ्यात मला दिसलं. पांढरी खुरटी टोकं, कानावर वस्तऱ्याची एक लहानशी जखम, आणि डोक्याचा आकार, जो मी जन्मात कधी पाहिला नव्हता. आईचं डोकं इतकं लहान असेल असं मला वाटलं नव्हतं. तिचे केस आता कुठं असतील ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. धुऊन, विंचरून ते कुणातरी माझ्यासारख्याला विकले जाणार होते.

मी कपाळाजवळ नख घातलं आणि ओढलं. टेप आठच दिवसांपूर्वी बसवलेली, पक्की होती. कातडी ओढली गेली, डोळ्यांत पाणी आलं. मी थांबलो नाही. कडेकडेनं सोलत मी ते सगळं काढलं आणि आमच्या दोघांच्या मध्ये, मुगाच्या सुपाशेजारी ठेवलं. माझ्या उघड्या डोक्याला ओसरीवरचा वारा लागला.

आईनं आधी त्या केसांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे काय?" ती म्हणाली.

"विकतचे आहेत. चार वर्षं झाली. अण्णा होते तेव्हापासून."

"दहाव्याला बी हेच व्हते?"

"हो."

"मंग नवस?"

"नव्हता, आई. मी बोललोच नव्हतो. हे कुणाला दिसू नये म्हणून खोटं सांगितलं."

मी तिच्या शिव्यांची वाट बघत होतो. तिनं मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.  ती माझे शब्द एकेक करून मनात लावत होती, आणि मी बघत होतो की तिची नजर माझ्या डोक्यावर नव्हती, त्या केसांवरही नव्हती.

"मंग पोरीला काय झाल्तं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"दवाखान्यात ठेवल्ती ती?"

"टायफॉइड होता. तेव्हाच बरा झाला. तिला काही झालेलं नाही, कधीच नव्हतं."

"आता बी न्हाई?"

"नाही."

"खरं सांगून राह्यला का?"

मी म्हणालो, "पोरीची शपथ."

"तिची घेऊ नको," आई एकदम म्हणाली. त्या दिवसात तेवढंच एक वाक्य ती कडक आवाजात बोलली. "माझी घे."

तिनं पदर मागं टाकला, माझा उजवा हात धरला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. नुकते उगवलेले केस तळहाताला टोचले. मी म्हणालो, "पोरीला काहीही झालेलं नाही."

"आणिक एकदा म्हण."

मी पुन्हा म्हणालो. तेव्हा तिचा चेहरा सैल पडला, आणि ती डोळे मिटून हसायला लागली, गालांवरून पाणी वाहत असताना. "मंग मी उगंच भ्याले व्हते," ती म्हणाली. "उगंच भ्याले व्हते रे, बाबा." माझा हात तिच्या डोक्यावरच होता आणि तो तिथून कसा काढावा, ते मला कळेना.